पेशी आधी झाडात दिसली

वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते, प्राण्याच्या पेशीभोवती ती नसते. शालेय पुस्तकातल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात हा फरक अगदी वरच्या ओळीत येतो आणि गुणांपुरता पाठ केला जातो. पेशीविज्ञानाच्या इतिहासात मात्र याच फरकाने पावणेदोनशे वर्षांचे अंतर पाडले. झाडातली पेशी १६६५ मध्ये छापील चित्रात आली. प्राण्याचे शरीरही पेशींचेच बनलेले आहे असे ठामपणे मांडणारे पुस्तक निघायला १८३९ उजाडले. या मधल्या काळात प्राण्यांच्या शरीराकडे कोणी पाहत नव्हते असे मुळीच नाही. उलट वैद्यकामुळे माणसाचे शरीर झाडापेक्षा कितीतरी अधिक वेळा आणि अधिक बारकाईने फाडून पाहिले जात होते. अडचण पाहणाऱ्याची नव्हती, वस्तूची होती. भिंत मेल्यावरही उभी राहते. भिंतीवाचूनची पेशी ओली, मऊ आणि जवळजवळ पारदर्शक असते. कापायला गेले की चिरडते आणि जीव गेल्यावर थोड्याच वेळात कुजू लागते. ती दिसायची तर आधी घट्ट करावी लागते, मग पातळ कापावी लागते आणि शेवटी रंगवावी लागते. ही तिन्ही कामे नीट जमेपर्यंत प्राणिशास्त्राला वनस्पतिशास्त्राच्या मागून चालावे लागले.

रॉबर्ट हुक लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६२ पासून प्रयोगांचे व्यवस्थापक होते. बैठकीत सभासदांपुढे नवनवे प्रयोग करून दाखवणे हे त्यांचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली जे जे पाहिले त्याचे सचित्र पुस्तक त्यांनी ‘मायक्रोग्राफिया’ या नावाने १६६५ मध्ये काढले. त्यात सुईचे टोक आहे, ऊ आहे, माशीचे डोळे आहेत, आणि अठराव्या निरीक्षणात बूच आहे. हे बूच पश्चिम भूमध्य प्रदेशात वाढणाऱ्या ओकच्या एका जातीच्या सालीचे. महाराष्ट्रातल्या रस्त्यांकडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा घालणाऱ्या बुचाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. हुक यांच्यापुढचा प्रश्न जीवशास्त्राचा नव्हताच. बूच इतके हलके का, ते पाणी का पीत नाही, दाबून सोडले की पुन्हा का फुगते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. धार लावलेल्या चाकूने त्यांनी बुचाचा अतिशय पातळ काप काढला, तो फिकट असल्याने काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर उजेड टाकला. काप सच्छिद्र निघाला, आणि ती छिद्रे म्हणजे मधाच्या पोळ्याची आठवण करून देणारे बंद कप्पे होते.

हुक यांनी कप्पे मोजले. इंचाच्या अठराव्या भागात साठ, म्हणजे इंचात १,०८०. चौरस इंचात ११,६६,४००. घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. पुराव्याखातर आपण स्वतः पाहिले नसते तर आपलाही विश्वास बसला नसता, अशा सुरात त्यांनी हे आकडे दिले आहेत. बुचाचे सारे गुण या हवाबंद कप्प्यांनी उलगडले आणि त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. त्यांना दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. गाजर, बडीशेप, नेचे अशा ताज्या वनस्पतींत हेच कप्पे रसाने भरलेले असतात हेही त्यांनी टिपले होते, पण तो रस त्यांच्या लेखी वाहतुकीचा माल होता. एका कप्प्यातून दुसऱ्यात तो कसा जातो, शिरांत असतात तशा झडपा तिथे आहेत का, हे त्यांनी शोधून पाहिले आणि काही सापडले नाही. या प्रश्नाचे उत्तर दोन शतकांनी मिळायचे होते.

वनस्पतींच्या अंतर्रचनेचा पद्धतशीर अभ्यास मात्र हुक यांनी केला नाही. तो दोन वैद्यांनी केला. इंग्लंडचे नेहेमाया ग्रू आणि बोलोन्याचे मार्चेल्लो मालपीगी यांचे लेखन १६७१ च्या डिसेंबरात एकाच सुमारास रॉयल सोसायटीपुढे आले. ग्रू यांचा ‘वनस्पतींची शरीररचना’ हा मोठा ग्रंथ १६८२ मध्ये प्रसिद्ध झाला. खोड, मूळ, पान आणि फळ यांचे आडवे-उभे छेद घेऊन त्यांनी चित्रे काढली. खोडाच्या मऊ भागाला त्यांनी दिलेले ‘पॅरेन्कायमा’ हे नाव आजही चालते. मराठी पाठ्यपुस्तकात तीच मूल ऊती. त्यांच्या मते हा भाग तलम लेससारखा, आडव्याउभ्या धाग्यांनी विणलेला होता आणि कप्पे म्हणजे धाग्यांमधल्या मोकळ्या जागा. कल्पना चुकीची होती, चित्रे मात्र इतकी अचूक की आजचा विद्यार्थी त्यातली जलवाहिन्यांची वर्तुळे ओळखू शकतो.

मालपीगी यांचे उदाहरण या इतिहासात अधिक बोलके आहे, कारण त्यांच्या टेबलावर दोन्ही सृष्टी होत्या. बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्यांनी १६६१ मध्ये दाखवल्या आणि हार्वी यांच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांतातला निखळलेला दुवा जोडला. वनस्पतीत त्यांना शेजारी शेजारी रचलेल्या लहान पिशव्या दिसल्या. प्राण्यात त्यांना वाहिन्या, ग्रंथी, पापुद्रे दिसले. पिशव्या दिसल्या नाहीत. तोच माणूस, तेच भिंग, तीच चिकाटी. झाडातल्या पिशवीला कड होती, यकृतातल्या पेशीला दिसेल अशी कड नव्हती.

प्राण्यांच्या पेशी त्या काळात दिसल्याच नाहीत असे नाही. डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी फान लेवेनहूक यांनी एकाच मण्याएवढ्या भिंगातून, अडीचशेपटीहून अधिक विवर्धन साधत, १६७४ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींचे वर्णन केले आणि १६७७ मध्ये शुक्रपेशींचे. पण या दोन्ही द्रवात सुट्या तरंगणाऱ्या पेशी. एकमेकींना चिकटून ऊती बनवलेल्या पेशी त्यांच्याही हाती लागल्या नाहीत. स्नायूवरचे आडवे पट्टे त्यांनी पाहिले, आणि उतारवयात स्नायूचे पातळ काप केशराच्या द्रवात बुडवून रंगवून पाहण्याचाही प्रयोग केला. ऊती रंगवून पाहण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. पण त्यांनी भिंगे घासण्याची रीत कोणाला शिकवली नाही आणि केशराचा प्रयोगही पुढे कोणी उचलला नाही.

अठरावे शतक या विषयापुरते बरेचसे वाया गेले. जास्त विवर्धन करणाऱ्या भिंगातून पाहिले की प्रत्येक वस्तूभोवती इंद्रधनुषी कडा उमटत आणि बारीक तपशील त्यात बुडत. दुर्बिणींसाठी हा दोष घालवणारी जोडभिंगे १७५८ पासून लंडनच्या बाजारात होती; सूक्ष्मदर्शकासाठी लागणारी चिमुकली जोडभिंगे घासणे कारागिरांना जमत नव्हते. त्यामुळे प्राण्याच्या कुठल्याही भागाकडे पाहिले तरी गोल गोल दाणे दिसत. सगळे शरीर दाण्यांचे बनले आहे, असा सिद्धांतही त्यावरून निघाला. दुसरा पक्ष म्हणे शरीराचे मूळ घटक धागे आहेत. आल्ब्रेख्त फोन हालर यांच्यासारखे मातब्बर शरीरक्रियाशास्त्रज्ञ या मताचे होते. दोन्ही पक्षांनी सूक्ष्मदर्शकाची पत घालवली.

अशा वेळी ऊती ही कल्पना पक्की झाली ती सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवूनच. पॅरिसचे शल्यवैद्य झाव्हिए बिशा यांचा भिंगावर विश्वास नव्हता. अंधुक वस्तूकडे पाहताना प्रत्येकाला आपल्या मनातले दिसते, अशी त्यांची तक्रार होती, आणि त्या काळच्या भिंगांबाबत ती रास्तच म्हणावी लागेल. त्यांची साधने वेगळी: सुरी, उकळते पाणी, आम्ल, अल्कली, वाळवण आणि कुजवण. ओतेल-द्यू या इस्पितळात त्यांनी एका हिवाळ्यात सहाशेहून अधिक शवे उघडली असे सांगितले जाते. एखादा पापुद्रा उकळला की आक्रसतो, दुसरा विरघळून सरस होतो. एक आम्लात कडक होतो, दुसरा लिबलिबीत. शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतून घेतलेले पापुद्रे अशा कसोट्यांवर सारखे वागले, तर ते एकाच जातीचे समजायचे. या रीतीने त्यांनी १८०१ मधल्या ‘सामान्य शरीररचनाशास्त्र’ या ग्रंथात एकवीस प्रकारच्या ऊती सांगितल्या.

याचा वैद्यकावर झालेला परिणाम मोठा होता. तोपर्यंत रोग अवयवाचा असे: हृदयाचा, फुप्फुसाचा, पोटाचा. बिशा यांच्यानंतर हृदयाच्या बाहेरच्या वेष्टनाचा दाह आणि फुप्फुसाच्या वेष्टनाचा दाह हे एकाच ऊतीचे, म्हणून एकाच जातीचे विकार ठरले, जरी अवयव वेगळे असले तरी. १८०२ मध्ये तिसाव्या वर्षी, इस्पितळाच्या जिन्यावरून पडल्यानंतर काही दिवसांत बिशा वारले. आजच्या पाठ्यपुस्तकात आधी पेशी येते आणि मग पेशींच्या समूहापासून ऊती. इतिहासात प्राण्यांची ऊती पेशीच्या जवळपास चार दशके आधी आली, आणि तिच्या व्याख्येत पेशीचा उल्लेखही नव्हता.

वनस्पतींच्या बाजूला दरम्यान एक साधा पण निर्णायक प्रयोग झाला. कील विद्यापीठातील योहान मोल्डेनहावर यांनी वनस्पतींचे तुकडे पाण्यात कुजत ठेवले. शेजारच्या पेशींना जोडणारा पदार्थ सैल झाला आणि पेशी सुट्या झाल्या. प्रत्येकीची भिंत तिची स्वतःची निघाली. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने ग्रू यांची लेस उसवली. कप्पे म्हणजे सलग पदार्थातली पोकळी नव्हे, तर एकमेकांना चिकटलेले स्वतंत्र घटक, हे आता हाताने वेगळे करून दाखवता येत होते.

सूक्ष्मदर्शकाचा दोष गेला तो १८२० च्या दशकात. लंडनचे मद्यव्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी हौसेखातर जोडभिंगांचा अभ्यास केला आणि अनेक जोड्या एकमेकींपासून किती अंतरावर ठेवल्या म्हणजे दोष साचत नाहीत, हे १८३० मध्ये निबंधरूपाने मांडले. शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारे लिस्टर ते त्यांचे चिरंजीव. त्याआधी १८२७ मध्ये त्यांनी थॉमस हॉजकिन यांच्यासोबत रक्त आणि स्नायू नव्या उपकरणाखाली पाहिले. तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी दिसली, स्नायू धाग्यांचा दिसला, आणि ते सर्वव्यापी दाणे कुठेच सापडले नाहीत. दाण्यांचा सिद्धांत तिथे संपला.

आता प्राण्याच्या पेशीला भिंत नसली तरी ओळखता येईल अशी खूण हवी होती. तीही झाडाकडूनच मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हजारो वनस्पती गोळा करून आलेले रॉबर्ट ब्राऊन ऑर्किडच्या पानांवरची त्वचा तपासत असताना त्यांना प्रत्येक पेशीत एक गोल, गडद ठिपका दिसला. इतरांनी तो आधी पाहिला होता, चित्रातही काढला होता. ब्राऊन यांनी १८३१ मध्ये त्याला नाव दिले आणि तो पेशींत सर्रास असतो हे सांगितले. हाच केंद्रक. या शोधाचे महत्त्व त्यांनाही कितपत जाणवले असावे, अशी शंका येते. त्यांचा निबंध ऑर्किडच्या फलनावर होता आणि केंद्रक त्यात ओघात आला आहे.

बर्लिनमध्ये योहान्नेस म्युलर यांच्या प्रयोगशाळेत थेओडोर श्वान काम करत होते. पचनातले पेप्सिन त्यांनी १८३६ मध्येच वेगळे केले होते. वकिली सोडून वनस्पतिशास्त्रात आलेले मथियास श्लायडेन यांच्याशी त्यांची ओळख होती. १८३८ मध्ये एकदा जेवताना श्लायडेन यांनी वनस्पतींच्या पेशींत केंद्रकाचे काम काय असावे ते सांगितले, आणि तसेच काहीतरी आपण बेडकाच्या पिल्लाच्या पृष्ठरज्जूत पाहिल्याचे श्वान यांना आठवले. दोघे उठून थेट प्रयोगशाळेत गेले. ही हकिकत श्वान यांनीच पुढे सांगितली आहे. पृष्ठरज्जू आणि कास्थी याच ऊतींपासून सुरुवात व्हावी हा योगायोग म्हणता येणार नाही. प्राण्यांच्या शरीरात झाडासारख्या दिसणाऱ्या ऊती त्याच. पृष्ठरज्जूच्या पेशी मोठ्या, फुगीर आणि एकमेकींवर दाबलेल्या असतात; कास्थीत प्रत्येक पेशीभोवती घट्ट पदार्थाचे कडे असते. दोन्ही ठिकाणी कड दिसते. तिथून श्वान केंद्रकाचा माग काढत पिसे, नखे, स्नायू आणि चेता यांच्याकडे वळले. पूर्ण वाढलेल्या ऊतीत पेशी ओळखू येत नसेल तर त्यांनी ती गर्भावस्थेत पाहिली. १८३९ मधल्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातच वनस्पती आणि प्राणी यांच्या रचनेतील व वाढीतील साम्याचा उल्लेख आहे. प्राग आणि ब्रेस्लाऊ इथे यान पुर्किन्ये यांनी ग्रंथी आणि मेंदू यांतल्या केंद्रकयुक्त दाण्यांची तुलना वनस्पतींच्या पेशींशी १८३७ मध्येच केली होती; श्रेय मात्र इतिहासाने श्लायडेन-श्वान या जोडनावाला दिले.

नवी पेशी येते कुठून, या प्रश्नावर मात्र दोघेही साफ चुकले. श्लायडेन यांच्या मते पेशीतल्या द्रवात आधी केंद्रक साकळतो आणि त्याच्याभोवती पेशी जमते. श्वान यांनी ही क्रिया पेशींबाहेरच्या द्रवातही होते असे मानले आणि तिला स्फटिक बनण्याच्या जोडीला बसवले. खरे तर शैवालातल्या पेशीमध्ये आडवी भिंत उभी राहून दोन पेशी होतात हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८३० च्या दशकातच पाहत होते. प्राण्यांत ही गोष्ट सिद्ध करण्याचे कष्टाचे काम रॉबर्ट रेमाक यांनी केले. कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी दुभंगताना त्यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिल्या आणि पुढची दहा-बारा वर्षे पुरावा जमवून, पेशी पेशीपासूनच होते, असे १८५२ मध्ये जाहीर केले. गर्भाचे तीन थर आणि त्यांतून निघणाऱ्या ऊती यांची मांडणीही त्यांचीच. ज्यू असल्यामुळे त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधी मिळाले नाही. रुडोल्फ फिर्खो यांनी १८५५ मध्ये हेच तत्त्व लॅटिन सूत्रात बांधले आणि १८५८ च्या व्याख्यानमालेत सर्व रोगांची मुळे पेशीत शोधली. सूत्र गाजले, फिर्खो गाजले; रेमाक यांचे नाव त्यांच्या लेखनात जितके यायला हवे होते तितके आले नाही.

अजूनही पेशीच्या व्याख्येत भिंत अडून बसली होती. प्राण्यांच्या पेशीलाही सूक्ष्म भिंत असलीच पाहिजे, म्हणून लोक ती शोधत होते. माक्स शुल्ट्से यांनी १८६१ मध्ये हा हट्ट सोडला: केंद्रक असलेला प्रद्रव्याचा, म्हणजे पेशीतल्या जिवंत द्रव्याचा, गोळा म्हणजे पेशी, भिंत असो वा नसो. हुक यांच्या बुचात तर नेमके प्रद्रव्य आणि केंद्रकच नव्हते. नव्या व्याख्येने पहिल्या पेशीला पेशीचे कलेवर ठरवले.

यानंतरचा काळ कारागिरीचा. क्रोमिक आम्लात ठेवलेला ऊतीचा तुकडा घट्ट होतो हे १८४० पासून माहीत होते. फॉर्मालिनचा उपयोग फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये दाखवला आणि तेव्हापासून तेच जगभर रूढ आहे. तुकड्यातले पाणी काढून त्यात मेण भरण्याची रीत १८६९ च्या सुमारास सुरू झाली. मेण भरले की मऊ यकृतही वडीसारखे कापता येते. विल्हेल्म हिस यांनी १८६० च्या दशकात काप घेण्याचे यंत्र वापरात आणले. स्क्रू फिरवला की तुकडा ठरावीक अंतर पुढे सरकतो आणि पाते त्याचा एकसारखा काप काढते. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका पातळ काप आता रोजचा झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गर्भाचे सगळे काप क्रमाने घेऊन ठेवता येऊ लागले.

रंगांची गोष्ट अधिक रंजक आहे. योझेफ फोन गेर्लाख यांनी १८५८ मध्ये लहान मेंदूचे काप कार्माइनच्या अगदी पातळ द्रवात रात्रभर राहू दिले. दाट रंगात सगळाच काप लाल होत असे. पातळ द्रवात केंद्रक गडद आणि बाकीचा भाग फिकट रंगला. कार्माइन निघते मेक्सिकोतल्या निवडुंगावर पोसणाऱ्या कोशिनील किड्यापासून. दुसरा रंग हिमॅटॉक्सिलिन, तोही मेक्सिकोच्याच कांपेचे किनाऱ्यावरच्या एका झाडाच्या गाभ्याचा. युरोपातले रंगारी कापडासाठी तो तुरटीसोबत वापरत आले होते. १८६५ मध्ये ब्योमर यांनीही तुरटीच घातली आणि ऊतींवर तो पक्का बसला. इओसिन हा कारखान्यात तयार होणारा गुलाबी रंग १८७० च्या दशकात आला आणि लगेच दोहोंची जोडी जमली. केंद्रकातली आम्ले हिमॅटॉक्सिलिन धरतात आणि निळीजांभळी होतात. पेशीद्रव्यातली प्रथिने इओसिन धरतात आणि गुलाबी होतात. गाठ कर्करोगाची आहे की साधी, याचा निवाडा आजही प्रथम याच दोन रंगांवर होतो. रक्ततपासणीच्या अहवालातल्या इओसिनोफिल पेशींचे नावही या रंगावरून पडले. पांढऱ्या पेशी कोणता रंग घेतात यावरून त्यांची विभागणी पाउल एर्लिख यांनी केली. केंद्रकातल्या रंग धरणाऱ्या धाग्यांचा पाठलाग करत वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या पिल्लांत पेशीविभाजनाचे टप्पे १८८२ मध्ये क्रमवार मांडले.

वनस्पतींना या खटाटोपाची गरज कमीच पडली. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी सूर्यफुलाच्या खोडाचा काप अजून हातातल्या ब्लेडने घेतो, सॅफ्रानिनमध्ये बुडवतो, ग्लिसरिनवर ठेवतो आणि पाहतो. पलीकडच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र यकृताची किंवा आतड्याची स्लाइड बहुधा विकत आणलेली असते.

ऊतींचे वर्गीकरणही दोन वाटांनी गेले. प्राण्यांत कोलिकर, लायडिग यांच्या १८५० च्या दशकातल्या ग्रंथांनी बिशा यांची एकवीसची यादी पेशींच्या आधारे आवळत आणली, आणि अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता या चार ऊती शिल्लक राहिल्या. यांत संयोजी ऊतीचा गट जरा सैल आहे: हाड, कास्थी, चरबी आणि रक्त एकाच घरात नांदतात, ते पेशींमधला पदार्थ भरपूर असतो एवढ्याच नात्याने. वनस्पतींत कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये वेगळी कसोटी लावली: पेशी विभागत राहते की थांबली. त्यातून विभाजी आणि स्थायी ऊती हा भेद आला, आणि जलवाहिनी व रसवाहिनी यांची शास्त्रीय नावेही त्यांचीच. हा भेद भिंतीमुळेच पडतो. भिंतीने जखडलेल्या पेशी जागा सोडू शकत नाहीत, म्हणून झाडाची वाढ मुळाच्या व शेंड्याच्या टोकांशी आणि सालीखालच्या थरात राखून ठेवलेली असते. शिवाय झाडात मेलेली पेशीही कामाची. जलवाहिनीच्या पेशी मेल्यावरच पाणी वाहतात. दृढ ऊतीच्या जाड भिंती खोडाला ताठ ठेवतात. तागाचा धागा, नारळाचा काथ्या आणि पेरूच्या गरात दाताखाली कचकचणारे कण ही सारी याच ऊतीची रूपे.

पेशीसिद्धांताला सर्वांत उशिरा शरण आली ती चेता ऊती. तिच्यातले तंतू इतके लांब आणि गुंतलेले की कोणता तंतू कोणत्या पेशीचा हे सांगता येईना. कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी मोजक्याच पेशी पूर्ण काळ्या करण्याची युक्ती काढली. त्यांना स्वतःला त्यात एक सलग जाळे दिसले. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच युक्ती १८८७ नंतर पक्ष्यांच्या व गर्भांच्या मेंदूवर वापरली आणि त्यांना स्वतंत्र पेशी दिसल्या. १९०६ चे नोबेल दोघांना वाटून मिळाले तेव्हाही गॉल्जी आपल्या भाषणात काहाल यांचे मत खोडत होते. वाद मिटवायला रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातला चेता ऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात शरीराबाहेर जिवंत ठेवला आणि एकेका पेशीतून तंतू फुटताना प्रत्यक्ष पाहिला. ऊतीसंवर्धनाची ही सुरुवात. दोन चेतापेशींमधली सुमारे २० नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात दाखवली.

झाडात उलट घडले होते. एदुआर्ट टांगल यांनी १८७९ मध्ये बियांच्या गरातल्या पेशीभित्तिकांत आरपार गेलेले प्रद्रव्याचे बारीक धागे दाखवले. हुक यांना न सापडलेल्या वाटा त्या याच. भिंतीआड बंद वाटणाऱ्या पेशी आतून जोडलेल्या निघाल्या, आणि सलग वाटणारी चेता ऊती सुट्या पेशींची.

ऊतीसंवर्धनाची कल्पना मात्र झाडांच्या बाजूला आधीच मांडली गेली होती. गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये सुट्या वनस्पतिपेशीपासून पूर्ण रोप वाढू शकेल असे भाकीत केले. त्यांच्या पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. अमेरिकेत स्ट्युअर्ड यांनी गाजराच्या रसवाहिनीच्या पेशींपासून १९५८ मध्ये ते करून दाखवले. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशातून भ्रूण मिळवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मातीत फुलायला अनेक दशके घेणारा बांबू काचपात्रात काही महिन्यांत फुलला. तो निबंध १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जळगावच्या केळीबागांत ऊतीसंवर्धित रोपे आता नेहमीची आहेत. प्राण्यांच्या पेशींपासून असे रोपासारखे अख्खे शरीर उगवत नाही. त्या संवर्धनद्रवात वाढवून संशोधनासाठी जपून ठेवाव्या लागतात. पुण्यातच १९८६ मध्ये प्राण्यांच्या पेशी आणि ऊती सांभाळण्यासाठी राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. तीच आजचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. तिथला पेशींचा साठा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतो आणि देशभरच्या प्रयोगशाळांना मागणीप्रमाणे पुरवला जातो.